पाणी पिकलं

दादूसने वाटीतलं पाणी तोंडात घेतलं आणि डोळे मिटले.

समोर कर्कसाहेब उभा होता, हातात काचेची कांडी घेऊन. भोवती भट्टीवरचे आम्ही सगळे, कोळशाने माखलेले, हसू कसंबसं दाबून धरलेले. बॉयलरमधलं पाणी कोणी चाखून बघतं, हे मुंबईच्या गोदीत त्याआधी कोणी पाहिलं नसावं. दादूसला मात्र आजूबाजूला कोण आहे याची शुद्धच नव्हती. त्याने पाणी जिभेवर इकडून तिकडे फिरवलं, थुंकलं, वाटीत उरलेलं बोटांत चोळलं आणि बोटं उन्हाकडे धरली.

"आजून नाय," तो म्हणाला. "पाच घटका लागतील."

पाच घटका म्हणजे दोन तास. मी साहेबाला हिंदुस्थानीत सांगितलं, "साब, अभी दो घंटा बाकी." साहेबाने कांडी पाण्यात सोडली. पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकी ती वर तरंगायची. त्याने तिच्यावरची रेघ वाचली, दादूसकडे बघितलं आणि निघून गेला. बरोबर दोन तासांनी तो परत आला आणि पुन्हा कांडी सोडून बघितली. रेघ हवी तिथे आली होती. त्या दिवसापासून साहेब दादूसला 'मिस्टर पोशा' म्हणायला लागला, आणि भट्टीवरच्या मंडळींना टर उडवायला एक विषय मिळाला.

पोशा माझा थोरला भाऊ. मी गोमा. आम्ही उरणच्या खाडीकाठचे आगरी, बापजाद्यांपासून मीठ पिकवणारे. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ धरलं की ओढायचं, एवढंच आमचं शास्त्र. पण ते पाणी नेमकं कधी तयार झालं हे ओळखणं सगळ्यांना जमत नाही. आमच्याकडे त्याची एक रीत आहे. घरातला कर्ता माणूस वाफ्यात बोट बुडवतो, जिभेवर टेकवतो आणि बांधावरून मोठ्याने हाक देतो, 'पानी पिकला!' मगच लाकडी फळ्या वाफ्यात पडतात आणि मीठ ओढायला सुरुवात होते. वर्षभर माणसं त्या हाकेची वाट बघतात. आणि एक, आगरात, म्हणजे मिठागरात, 'खारं' हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. ज्याच्यावर जगायचं त्याला नावं कशाला ठेवायची, असं आमचा आजा सांगायचा. बाप गेल्यावर हाक दादूसकडे आली. त्याच्या जिभेला चव होती. माझ्या जिभेला नुसतं बोलणं होतं, आणि त्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

त्या वर्षी उधाणाने आगराचा बांध फुटला. वाफे चिखलाने भरले. हंगाम गेला म्हणून दोघे भाऊ तरीच्या होडीने मुंबईला आलो. मी आधी चार-पाच वर्षं बंदरावर हमाली केलेली, त्यामुळे हिंदुस्थानी फाडफाड बोलायचो. गोदीत आरमारासाठी नवी आगबोट बांधून तयार होती आणि भट्टीत कोळसा टाकायला माणसं हवी होती. आम्ही दोघेही लागलो.

तिचं इंग्रजी नाव आमच्या तोंडात बसेना. दोन्ही बाजूंना घराएवढी चाकं होती म्हणून आम्ही तिला चाकवाली म्हणायचो. यंत्रावरचा मुख्य साहेब कर्क. एका भटजी कारकुनाने आम्हाला सांगितलं की कर्क म्हणजे खेकडा, राशीतला. तेवढंच पुरे झालं. पाठीमागे साहेबाचं नाव चिंबोरी पडलं. तसा माणूस वाईट नव्हता. कोणाच्या अंगावर हात टाकायचा नाही, शिव्याही त्याच्या इंग्रजीत द्यायचा, म्हणजे आम्हाला लागत नसत.

आगबोट समुद्राच्याच पाण्यावर चालायची. पाण्याची वाफ होऊन निघून जायची आणि मीठ बॉयलरमध्ये मागे राहायचं, आगरात राहतं तसंच. म्हणून ठरावीक वेळाने तळाची तोटी उघडायची, मिठाळ पाणी समुद्रात सोडायचं आणि नवं घ्यायचं. नाही सोडलं तर मिठाचा थर लोखंडावर धरतो, थराखालचं लोखंड तापून लाल होतं आणि वाफेच्या दाबाने फाटतं. हे साहेबाने पहिल्याच दिवशी आम्हाला समजावलं. दादूसला समजवायची गरज नव्हती. तो बॉयलरकडे बघून म्हणाला होता, "यो आपलाच वाफा हाय रं. खालून ऊन दिलाय येवढाच."

पण पाणी सोडणं महागात पडायचं. उकळतं पाणी समुद्रात जाणार, थंड पाणी आत येणार, म्हणजे पुन्हा तेवढा कोळसा जाळा. आणि कोळसा हीच त्या बोटीची दुखरी जागा होती. गोदीतले पारशी मुकादम मंचेरशेठ आमच्याशी गप्पा मारायचे, त्यांनी मला सगळा मामला सांगितला होता. बोटीचा सांगाडा मलबारी सागाचा, गोदीच्या सुतारांनी घडवलेला, पन्नास वर्षं हलणार नाही असा. यंत्र आणि दोन बॉयलर मात्र सुटे करून शिडाच्या जहाजातून सहा महिने प्रवास करत विलायतेहून आले. अख्ख्या सांगाड्याला लागला त्याच्या दीडपट पैसा त्या लोखंडाला लागला. आणि एवढं करून बॉयलर टिकणार पाच-सहा वर्षं.

"लाकडाचा पैसा घरमां ऱ्हायला, लोखंडाचा पैसा विलायतला गेला," मंचेरशेठ म्हणाले. "आता सरकारवाले बोलतात, सांगाडा पण तिकडेच बांधू. आपले दोनशे सुतार काय करतील, सांग मला."

त्याचा निकाल परीक्षेत लागणार होता. चार दिवस बोट चालवायची, मालवणपर्यंत जायचं आणि परत यायचं. ताशी किती कोळसा खाईल तो आकडा कागदावर आधीच लिहून कर्कसाहेबाने खाली सही केली होती. कोळसा त्या आकड्यात बसला तर पुढच्या दोन आगबोटी इथेच बांधायच्या. नाही बसला तर सगळं विलायतेला आणि कर्कसाहेबही बहुधा विलायतेला. परीक्षेसाठी सरकारी कमिटीचे दोन साहेब बोटीवर येणार होते.

माझंही त्यात काही होतं. भट्टीवर टंडेल नेमायचा होता. टंडेल म्हणजे आम्हा सगळ्यांचा पुढारी, पगार दुप्पट, फावड्याला हात लावायचा नाही. कर्कसाहेबाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कोळसा आकड्यात बसला तर टंडेल मीच. मी ते दादूसला सांगितलं तेव्हा तो मनापासून खूश झाला. त्याला साहेबाशी बोलता येत नव्हतं, त्यामुळे ती जागा त्याची नव्हेच असं त्याने धरून टाकलं होतं. "तुलाच मिलू दे," म्हणाला, "आईला सांगू, गोमा साहेब झाला."

पहिल्याच दिवशी, रेवदंड्याच्या पुढे, बोट लाटेवर कलली आणि साहेबाची काचेची कांडी टेबलावरून घरंगळून फुटली. दुसरी नव्हती. साहेबाचं तोंड उतरलं, पण मग तो खाली आला आणि दादूसच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाला, याला सांग की आता माझी कांडी हाच. दादूस लाजला.

पहिले दोन दिवस साहेब घड्याळ बघून दर दोन तासांनी पाणी सोडत होता. तोटीची चावी त्याच्याच कमरेला असायची. कधीतरी कुठल्याशा बोटीवर कोणी तोटी उघडी ठेवून अख्खा बॉयलर रिकामा केला होता, तेव्हापासून भट्टीवाल्यांच्या हातात चावी द्यायची नाही असा नियम होता. दोन दिवस संपले तेव्हा कोळसा आकड्याच्या वर गेला होता. थोडासाच, पण वर. मालवणला नांगर टाकला होता. साहेब भट्टीवर आला आणि मला म्हणाला, उद्यापासून घड्याळ नको. पहाटे एकदा पाणी सोडू, त्यानंतर पोशा सांगेल तेव्हाच, त्याआधी एक थेंबही नाही. दादूसने मान डोलावली. त्याला ते रास्तच वाटलं. आगरात कोणी घड्याळ बघून मीठ ओढतं का?

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट परत फिरली. वारा समोरून होता, चाकं धापा टाकत होती. दहाच्या सुमाराला दादूसने तोटीजवळच्या नळीतून वाटीभर पाणी घेतलं, गार होऊ दिलं, तोंडात घेतलं, डोळे मिटले. मग वाटी ठेवून तो माझ्याकडे वळला.

"गोमा, पानी पिकला. वर जाऊन सांग."

मी शिडी चढायला लागलो. चढता चढता मनात हिंदुस्थानी जुळवत होतो. पिकलेल्या फळाला ते लोक पका म्हणतात. पण साहेब लोकांच्या तोंडी मी नेहमी 'पक्का' ऐकलेलं, आणि मला त्यांच्यासारखं बोलायची हौस. वर गेलो तर कर्कसाहेब कमिटीच्या दोन साहेबांबरोबर यंत्राशेजारी उभा होता.

"साब, नीचे पानी पक्का हो गया."

त्याचा चेहरा उजळला. "पक्का?"

"पक्का, साब."

"बहुत अच्छा. चलने दो."

तो त्या दोघांकडे वळून काही बोलला. त्यात पक्का हा शब्द मला ऐकू आला आणि तिघेही हसले. साहेब लोकांच्या बोलीत पक्का म्हणजे उत्तम, भक्कम, काळजी नसलेलं. पक्कं घर, पक्का रस्ता, पक्का माणूस. मी खाली आलो.

"काय बोलला?" दादूसने विचारलं.

"चालू दे, बोलला."

"चालू दे?" त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पिकला बोललास ना?"

"बोललो."

त्याला ते पटेना. पण साहेबाच्या मनात काही असेल, कोळशाचा हिशेब असेल, असं म्हणून तो पुन्हा फावड्याला लागला. दुपारी त्याने परत पाणी घेतलं. या खेपेला तोंडात घेतल्याबरोबर थुंकलं आणि बराच वेळ बोटं चोळत राहिला. मला वर पाठवलं. मी शिडीने वर गेलो, खाली आलो. तेच बोलला, असं सांगितलं. दिवस कलायला लागल्यावर मात्र त्याने पाणी घेतलंच नाही. बॉयलरच्या दाराशी कान लावून उभा राहिला, मग फावडं टाकलं आणि म्हणाला, मीच जातो, मला बोलता नाही येत तर त्याला हाताला धरून खाली आणतो. मी म्हटलं, तू आगीपाशी थांब, मी जातो.

मी शिडीवर असताना खाली तो आवाज झाला. फार मोठा नव्हता. जाड कापड फाटावं तसा, आणि मग वाफ. शिडीच्या तोंडातून पांढरी वाफ वर आली आणि तिच्यामागून ओरडणं आलं.

खाली पाच जण होते. चौघे गेले. तिघे तर बाहेर काढेपर्यंतच गेले होते, दोन सिद्दी आणि एक आमच्या शेजारच्या गावचा. दादूसला वर आणून शिडाच्या कापडावर ठेवलं तेव्हा तो शुद्धीवर होता. अंगाला हात लावायची सोय नव्हती. ऊन उतरत होतं, बोट थांबली होती आणि कर्कसाहेब गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघत होता. दादूसने पाणी मागितलं. मी पिंपातलं पाणी वाटीत घेऊन त्याच्या तोंडाशी लावलं. त्याने ते लगेच गिळलं नाही. सवयीने जिभेवर धरलं आणि डोळे मिटले.

"गोडा हाय," तो म्हणाला.

दिवस बुडायच्या आत तो गेला.

आठ दिवसांनी गोदीत चौकशी झाली. लांब टेबल, कमिटीचे तेच दोन साहेब आणि आणखी एक, हातात कागदांची चळत. आधी बॉयलरचं झालं. किती फूट पत्रा फाटला, किती रिवेट उडाल्या, नवा बॉयलर विलायतेहून आणायला किती पडतील, बसवायला किती, तोवर बोट पडून राहील त्याचे किती. सांगाड्याला काही झालं नव्हतं. साग नुसता काळवंडला होता. हे लिहून घेताना मंचेरशेठची मान ताठ झालेली मला दिसली. मग आमचं आलं. मंचेरशेठ मधे बसून माझं बोलणं साहेबांना सांगत होते.

तुझ्या भावाने नेमका कोणता शब्द सांगितला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पिकला. त्याचा अर्थ काय? मी म्हटलं, तयार झाला. तू साहेबाला काय सांगितलंस? पक्का. बरोबर सांगितलंस ना? मी म्हटलं, बरोबर सांगितलं. आगरात पिकलेलं पाणी चांगलं आणि बॉयलरमध्ये वाईट, हे मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कर्कसाहेबाला विचारलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, मला पक्का असा निरोप आला, सकाळी एकदा. त्यानंतर कोणी आलं नाही. मी स्वतः खाली जाऊन बघायला हवं होतं.

मंचेरशेठने ते मला सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. इतपत इंग्रजी मला कळत होतं. मी मान खाली घालून बसून राहिलो. कोणी माझ्याकडे वळून, दुपारी तू कुठे गेला होतास, असं विचारलंच नाही. भट्टीवरचा एक माणूस वर आला की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना एक शब्द हवा होता, तो मिळाला. कागदावर लिहिलं गेलं की नेटिव्ह फायरमन पोशा याने पाण्याबद्दल चुकीचा निरोप दिल्यामुळे बॉयलर निकामी झाला. चूक त्याचीच म्हटल्यावर त्याच्या घरच्यांना सरकारातून काही मिळायचा प्रश्न उरला नाही. बाकी तिघांच्या घरी मिळालं.

आणि बोट चालली तेवढ्या तासांच्या हिशेबाने कोळसा आकड्यात बसला होता. तिसऱ्या दिवशी पाणीच सोडलं नव्हतं ना, मागचं सगळं भरून निघालं. यंत्राची काही चूक नाही, सांगाड्याची काही चूक नाही, पुढच्या दोन बोटी इथेच बांधाव्यात असं ठरलं. सुतारांनी पेढे वाटले. कर्कसाहेब नोकरी सोडून विलायतेला जायच्या आधी लिहून ठेवून गेला होता, त्याप्रमाणे मला टंडेल केलं.

मी गावी आलो तेव्हा दादूसचा दहावा दिवस होऊन गेला होता. चांगी वहिनी पडवीत बसली होती. रडून झालेली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, म्हणजे चौकशीत सांगितलं होतं तेच. दादूस पिकला म्हणाला, मी पक्का म्हटलं, साहेबाला उलटं कळलं. नशीब, असंही म्हणालो. ती ऐकत होती. तिचा सगळा जन्म आगरात गेलेला, मुंबई तिने पाहिलेली नाही, हिंदुस्थानीचा एक शब्द तिला येत नाही.

"पिकला त्याला नाय कलला," ती म्हणाली. "मंग भावजी, खारा का नाय बोललात?"

मी म्हटलं, "सुचलं नाही वयनी."

"तुमाला नाय सुचला," ती म्हणाली. "यांना सुचला असल."

 ती माझ्या तोंडाकडे बघत उठली आणि आत गेली. तीन साहेब, एक शेठ आणि हातभर कागद यांना जे विचारता आलं नाही ते तिने बसल्या जागी विचारलं होतं.

आता लपवून काय करायचंय? दुपारी दादूसने पाणी थुंकलं आणि मला वर पाठवलं, तेव्हा तो नुसता जा म्हणाला नव्हता. त्याने माझा दंड धरला होता. "पिकला त्याला कललाच नसल," तो म्हणाला. "तू खारा बोल. आगरात नाय बोलत ता खरा, पन आपुन काय आगरात नाय. खारा बोल त्याला, खारा सगल्यांना कलता."

खारा. हिंदुस्थानीतही खारा. साहेबालाही ठाऊक असलेला शब्द. मी तो शब्द घेऊन शिडी चढलो. सात पायऱ्या चढलो की डोकं उजेडात यायचं आणि समुद्राचा वारा तोंडाला लागायचा. तिथून कर्कसाहेब दिसत होता, त्या दोघांना कोळशाची वही दाखवत होता आणि हसत होता. साहेबाला सकाळी उलटं कळलंय हे मला तो पहिल्यांदा हसला तेव्हाच कळलं होतं. आता जाऊन खारा म्हटलं असतं तर तोटी उघडली असती, कोळसा वर गेला असता आणि सकाळी तू पक्का का म्हणालास, असं त्या दोघांसमोर मला विचारलं असतं. माझी टंडेलकी गेली असती. वर बावळट ठरलो असतो. संध्याकाळपर्यंत काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं. सातव्या पायरीवर वारा खात उभा राहिलो, माणसाला जाऊन यायला लागेल तेवढा वेळ काढला आणि खाली उतरून भावाला सांगितलं, तेच बोलला.

तिसऱ्या खेपेलाही मी त्याच पायरीवर होतो. वाचलो तो त्या पायरीमुळे.

टंडेलकी मी घेतली. अकरा वर्षं केली. पहिलं दीड वर्ष तर नुसता पगार खाल्ला, कारण नवा बॉयलर विलायतेहून येईपर्यंत बोट गोदीत पडून होती आणि मला रजा हवी तेव्हा मिळायची. पगारातले अर्धे वहिनीकडे द्यायचो. ती ते घ्यायची आणि उंबऱ्याच्या आत जायची.

गावाने मिळून बांध पुन्हा घातला होता. पुढच्या पौषात पहिलं पाणी तयार होत आलं तेव्हा मी घरी होतो. दादूस गेल्यावर कर्ता मीच, हाक माझी. सकाळी अंघोळ करून बांधावर पोचलो तर माणसं फळ्या घेऊन उभी होती आणि वहिनी वाफ्यात उतरलेली होती, लुगड्याचा कासोटा मारून. आमच्याकडे बाईने हाक दिलेली कोणी ऐकली नव्हती. तिने बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं, वळून माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या आगरापर्यंत जाईल अशी हाक दिली.

"पानी खारा झाला!"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हातारा पुढे होऊन म्हणाला, अगं असं बोलू नये, पिकला बोल. तिने पुन्हा तेच म्हटलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी हरकत घेतली असती तर तो शब्द कुठून आला हे सगळ्यांसमोर बोलावं लागलं असतं. मी फळी उचलली आणि वाफ्यात उतरलो, मग बाकीचेही उतरले.

त्याला आता बत्तीस वर्षं झाली. वहिनीचे दात गेले, आवाज चिरका झाला, तरी दर पौषात हाक तीच देते आणि तोच शब्द देते. आजूबाजूच्या आगरांत तिला खारी म्हातारी म्हणतात आणि हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसतो आणि फळी उचलतो.